दुखत नाही, तरी तपासायचं

पौड सोडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की मुळशी धरणाच्या परिसरात माले लागतं. इथलं प्राथमिक आरोग्य केंद्र हा आसपासच्या वाड्यावस्त्यांचा पहिला दवाखाना. पावसाळ्यात या भागात पाऊस कोसळतो तो दिवस दिवस थांबत नाही. धनगरवाड्यावरून किंवा कातकरी वस्तीवरून पायवाट उतरायची, मिळेल ती गाडी धरायची आणि तपासणीला पोचायचं, एवढ्यात बाईचा अर्धा दिवस गेलेला असतो. समजा तिला पाचवा महिना लागलाय. ताप नाही, कळ नाही, अन्न पचतंय. आणि इथं तिच्या हातात प्लास्टिकची डबी देतात, बोटाला सुई टोचतात, दंडाला रबर बांधून नळीभर रक्त काढून घेतात.

‘मला काहीच होत नाही, मग एवढं रक्त कशाला?’ असं ती विचारते. हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. वैद्यकशास्त्राला या प्रश्नाचं उत्तर शोधायला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला, आणि त्यातला मोठा वाटा महाराष्ट्रातल्या खेड्यांनी आणि सरकारी दवाखान्यांनी उचलला आहे. म्हणून ते उत्तर नीट, सावकाश सांगायला हवं.

आधी डबीचं बघू.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. गर्भाशयाचे स्नायू सैल राहावेत, कळा लवकर येऊ नयेत, हे त्याचं काम. पण ते फक्त गर्भाशयापुरतं थांबत नाही. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी आणणाऱ्या नळ्याही त्याने सैलावतात. त्यात वाढतं गर्भाशय या नळ्यांवर रेलतं, उजव्या बाजूला जास्त. लघवी वाहण्याऐवजी साचू लागते. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरावं तसे तिथं जंतू वाढतात. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो, आपल्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी. तो खालून मूत्रमार्गात शिरतो. बाईला जळजळ होईलच असं नाही. शंभर गरोदर बायांमध्ये 2 ते 10 जणींच्या लघवीत असे जंतू असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड कॅस यांनी 1950 च्या दशकात याचा छडा लावला. त्यांच्यापुढचा पहिला अडथळा साधा होता: लघवीत जंतू दिसले तर ते मूत्राशयातले, की डबीत पडताना कातडीवरून मिसळलेले? त्यांनी मोजणी करून उंबरठा ठरवला. एका मिलिलिटरमध्ये 1 लाख किंवा जास्त जंतू सापडले तर तो खरा संसर्ग. मग त्यांनी अशा बायांवर लक्ष ठेवलं, आणि पुढचं चित्र स्पष्ट झालं. औषध न दिलेल्या अशा शंभर गरोदर बायांपैकी 20 ते 30 जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो. मग मात्र थंडी वाजून ताप, कुशीत असह्य दुखणं, उलट्या, आणि दिवस पुरे होण्याआधी कळा. म्हणजे जो आजार सातव्या-आठव्या महिन्यात बाईला झोपवणार, तो चौथ्या-पाचव्या महिन्यात डबीत दिसत असतो.

म्हणूनच नमुना कसा घेतला हे फार महत्त्वाचं. आधी पाण्याने स्वच्छ धुवायचं. पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत घ्यायची, डबीच्या आतल्या कडेला बोट लावायचं नाही, आणि डबी लगेच सिस्टरच्या हातात द्यायची. अनुकूल उबेत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. घरून सकाळी भरून आणलेली बाटली दोन तास पिशवीत हिंदकळत आली तर तिच्यात जे दिसेल ते बाईच्या पोटातलं नाही, प्रवासातलं असेल. हे बाईला कुणी समजावून सांगितलं तर ती अगदी बरोबर करते. बऱ्याचदा फक्त ‘लघवी आणा’ एवढंच सांगितलं जातं, आणि चूक तिथं होते.

डबीत बुडवायची कागदी पट्टी पाहण्यासारखी असते. तिच्यावर छोटे रंगीत चौकोन असतात. खेड्यातल्या दवाखान्यात साधारणपणे दोनच चौकोनांची पट्टी असते, एक प्रथिनांचा, एक साखरेचा. प्रथिनांचा पिवळा चौकोन हिरवा पडला तर वाढत्या रक्तदाबाची शंका येते. जास्त चौकोनांच्या पट्टीत आणखी दोन खुणा संसर्गाच्या असतात. आपल्या लघवीत नायट्रेट असतं, ई. कोलायसारखे जंतू त्याचं नायट्राइट करतात, आणि तो चौकोन गुलाबी होतो. हे रूपांतर व्हायला लघवी मूत्राशयात तीन-चार तास तरी राहावी लागते, म्हणून तेवढा वेळ रोखून मग दवाखान्यात दिलेली लघवी उत्तम. दुसरा चौकोन पांढऱ्या पेशींचा, तो जांभळट होतो. पण पट्टी म्हणजे केवळ इशारा. पक्कं उत्तर कल्चरमध्ये मिळतं: लघवीचा थेंब खाद्य घातलेल्या काचेच्या बशीवर पसरतात, रात्रभर अंगाच्या उबेत ठेवतात, दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजतात. मग त्या जंतूंवर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ उमटतं, ते औषध लागू. ही सोय मोठ्या प्रयोगशाळेत असते, आणि डोंगरातल्या बाईच्या बाबतीत अडचण नेमकी इथं आहे. नमुना खाली शहरात जातो, उत्तर वर येईपर्यंत पुढची तपासणी आलेली असते.

आता प्रश्न येतो की बाई स्वतःहून का सांगत नाही. याचं सगळ्यात ठळक उत्तर गडचिरोलीतून आलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ संस्थेतर्फे वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या आजारी बायांची नव्हे. गावात राहणाऱ्या बायांची, तक्रार असो वा नसो. फरक इथेच आहे. दवाखान्यात बसून मोजलं तर फक्त आलेल्या बाया मोजल्या जातात. गावात जाऊन मोजलं तर न आलेल्याही मोजल्या जातात. तपासलेल्या 650 बायांपैकी 92 टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला, सरासरी एकीला 3.6. त्यातले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे होते. 45 टक्के बायांनी कसलीच तक्रार सांगितली नव्हती. आणि यापूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये हा अभ्यास ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. तोवर गरीब देशांत बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच समजूत होती. तिच्या गर्भाशयाला, योनिमार्गाला, ओटीपोटाला गरोदर नसतानाही आजार असतो, हे या आकड्यांनी जगाला ऐकवलं.

आपल्याकडे ‘अंगावरून पांढरं जातं’ हे वाक्य बाई दबक्या आवाजात सांगते, तेही सासूला किंवा जावेला. पांढरं जाणं म्हणजे अंगातली ताकद जाणं, असंही तिने ऐकलेलं असतं. थोडं पांढरं जाणं नैसर्गिक असतं, गरोदरपणात तर ते वाढतंच. पण वास येणारं, खाज सुटणारं, हिरवट-पिवळं किंवा दह्यासारखं जाणं हे संसर्गाचं लक्षण आहे, त्याला औषध आहे. पुरुष डॉक्टरपुढे हे बोलायला ती तयार नसेल तर त्यात तिची चूक नाही. तिथं सिस्टर हवी, आणि आडोसा हवा. तपासणीच्या खोलीला पडदा असणं हीसुद्धा वैद्यकीय सोयच आहे, असं माझं ठाम मत आहे.

नळीभर रक्ताकडे वळू. त्यात हिमोग्लोबिन आणि रक्तगट पाहतातच. संसर्गाच्या दृष्टीने तीन गोष्टी पाहतात: उपदंश, एचआयव्ही आणि कावीळ ‘बी’.

उपदंश, म्हणजे जुन्या बोलीत गरमी, हा आजार फसवा आहे. पहिला चट्टा दुखत नाही आणि आपोआप भरून येतो. बाईला वाटतं बरं झालं. जंतू मात्र रक्तात राहतो आणि वारेतून बाळापर्यंत पोचतो. पोटात मूल दगावणं, दिवस भरण्याआधी जन्म, जन्मतः आजारी बाळ, हे सगळं त्यातून होतं. उपाय थक्क करण्याइतका साधा आहे: बेंझाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटांचं इंजेक्शन. पेनिसिलिन वार ओलांडून बाळापर्यंत जातं आणि दोघांवर एकदम उपचार होतो. फक्त ते प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी मिळालं पाहिजे. नवव्या महिन्यात पहिल्यांदा तपासणीला आलेल्या बाईच्या बाबतीत ही वेळ निघून गेलेली असते. नाव नोंदवायला तिसऱ्या महिन्याच्या आत या, असं आशाताई घरोघर सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. आणि नवऱ्यालाही तेच औषध हवं, नाहीतर तो जंतू परत घरातच आहे.

एचआयव्हीच्या बाबतीत पुण्याचं योगदान मोठं आहे. औषध नसेल तर एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं: काही पोटात, बराचसा प्रसूतीच्या वेळी, आणि उरलेला अंगावरच्या दुधातून. युगांडात 1999 मध्ये दिसलं की आईला कळा सुरू असताना आणि बाळाला जन्मल्यावर नेव्हिरॅपिन या औषधाचा एकच डोस दिला तरी संसर्ग बराच घटतो. पण दुधाचं काय? आपल्याकडे बाळाला अंगावर पाजू नका असं गरीब आईला सांगणं म्हणजे जुलाबाच्या तोंडी बाळ देण्यासारखं. मग इथियोपिया, युगांडा आणि भारत (पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालय) अशा तीन देशांत अभ्यास झाले. काही बाळांना एकच डोस, काहींना सहा आठवडे रोज थेंब. 2008 मध्ये निकाल आला. सहा आठवड्यांच्या वयापर्यंत एका डोसाच्या गटात 5.3 टक्के बाळांना संसर्ग झाला, रोज थेंब मिळालेल्या गटात 2.5 टक्के. सहा महिन्यांनी मात्र फरक कमी झाला, 9 विरुद्ध 6.9 टक्के. त्या कमी झालेल्या फरकातच पुढचा धडा होता: थेंब थांबले, दूध चालू राहिलं, धोका परतला. म्हणजे बाळाला जपायचं तर आईच्या रक्तातलाच विषाणू दाबून ठेवायला हवा. भारतात 2014 पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभराची औषधं लगेच सुरू करतात, त्यामागे अशा अभ्यासांची रांग आहे.

कावीळ ‘बी’चं थोडक्यात सांगता येतं. आईला ती असेल तर बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस मिळाली पाहिजे, त्यानंतरचा तास तास महाग पडतो.

‘ई’ची कावीळ मात्र वेगळी. ती रक्ताने नाही, मैला मिसळलेल्या पाण्याने पसरते. दिल्लीत 1955-56 मध्ये यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून काविळीची मोठी साथ आली, त्यात गरोदर बाया विशेष दगावल्या. त्या साथीतलं जपून ठेवलेलं रक्त पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तपासलं, आणि 1980 मध्ये दाखवलं की ही ‘ए’ही नाही आणि ‘बी’ही नाही, हा निराळाच विषाणू आहे. इतरांना ही कावीळ बहुधा आपोआप बरी होते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला मात्र जिवावर बेतते. डोंगरातल्या झऱ्यावर आणि विहिरीवर जगणाऱ्या वस्तीसाठी याचा अर्थ एकच: पावसाळ्यात गरोदर बाईचं पाणी उकळून गार केलेलंच हवं, आणि डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्यात दिवस घालवायचे नाहीत.

आता बाळंतपण. आनंदीबाई जोशींचं पहिलं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं, आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाला त्यांनी वैद्यकीय पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. त्या काळी सूतिकाज्वराला, म्हणजे बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाच्या तापाला, जगभरच्या बाया भीत. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांना 1847 मध्ये दिसलं की सुइणींच्या कक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात बाळंतिणी कितीतरी जास्त मरतात. कारण डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये 18 टक्के असलेले मृत्यू जूनमध्ये 2 टक्क्यांच्या आसपास आले. जंतू कोणता, हे लुई पाश्चर यांनी 1879 मध्ये दाखवलं. हात आधी स्वच्छ झाले, कारण नंतर कळलं.

आपल्याकडे नर्सबाईंना ‘पाच स्वच्छता’ पाठ असतात: हात, प्रसूतीची जागा, ब्लेड, नाळ बांधायचा दोरा आणि नाळेचं टोक. नाळेवर शेण, राख, तेल काहीही लावायचं नाही. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि ही स्वच्छता यांच्या जोरावर 2015 मध्ये भारत आई-बाळाच्या धनुर्वातातून मुक्त जाहीर झाला. पाचवीच्या रात्री सटवाई येते, तेव्हा बाळाला एकटं ठेवू नये, असं आपल्या आज्या सांगत. नाळेतून शिरलेल्या धनुर्वाताचे झटके याच दिवसांच्या आसपास येत, म्हणून ती भीती त्या रात्रीला येऊन चिकटली असावी, असं मला नेहमी वाटतं.

महाराष्ट्रात 2019-21 च्या पाहणीनुसार सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. तरी संसर्ग संपलेला नाही. पाणमोट फुटून फार तास गेले, कळा लांबल्या, आतून वारंवार तपासणी झाली, वारेचा तुकडा आत राहिला, तर जंतूंना वाट मिळते. मग एक प्रश्न पुढे आला: कळा सुरू असतानाच सगळ्यांना एखादं प्रतिजैविक दिलं तर? याचं उत्तर शोधणाऱ्या सात देशांच्या चाचणीत भारतातली दोन केंद्रं होती, नागपूर आणि बेळगाव.

चाचणी कशी चालते ते पाहा. संमती दिलेल्या बाईला अॅझिथ्रोमायसिन 2 ग्रॅम मिळणार की दिसायला तशाच, औषध नसलेल्या गोळ्या, हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो. बाईला कळत नाही, डॉक्टरलाही कळत नाही. कळलं असतं तर ‘हिला औषध दिलंय’ म्हणून निरीक्षणात नकळत झुकाव आला असता. 2019 ते 2022 या काळात 29,278 बाया सामील झाल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये निकाल छापून आला: सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग) किंवा मृत्यूचं प्रमाण औषध न मिळालेल्यांत 2.4 टक्के, मिळालेल्यांत 1.6 टक्के. दर हजार बायांमागे 24 ऐवजी 16. फायदा इतका स्पष्ट दिसला की ठरल्यापेक्षा आधीच भरती थांबवली. बाळांच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही, 10.5 आणि 10.3 टक्के. आणि सरसकट सगळ्यांना प्रतिजैविक दिलं तर जंतू त्याला सरावतील, ही भीती खरीच आहे. माझ्या मते जिथं प्रसूतिगृहात वाहतं पाणी आणि साबण नाही, तिथं आधी तो नळ हवा. पण ज्या बाईला रुग्णालयात पोचायलाच चार तास लागणार, तिच्यासाठी हजारातल्या या आठ जणी क्षुल्लक नाहीत.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सव्वा महिन्यात. बाळंतीण घरी येते, शेक-धुरी सुरू होते, सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. गडचिरोलीतच बंग आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन 772 बायांचं बाळंतपण आणि त्यानंतरचे दिवस पाहिले. जवळजवळ 43 टक्के बायांना बाळंतपणानंतरच्या दिवसांत काही ना काही आजार झाला, आणि 10 टक्क्यांना जननमार्गाचा संसर्ग. ताप, ओटीपोटात दुखणं आणि जाणाऱ्या स्रावाला घाण वास, या तीन खुणा एकत्र आल्या की गर्भाशयात जंतू वाढले असं समजायचं. ‘दूध दाटलंय, म्हणून अंग तापलंय’ असं म्हणून दोन दिवस काढले तर तो जंतू रक्तात जातो.

त्याच गडचिरोलीत आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 मध्ये जगापुढे आलं. त्याच धर्तीवर 2011 पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात. त्यांच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतं, आणि त्यांच्या तक्त्यात बाळाइतकीच आईच्या तापाची आणि स्रावाची नोंद असते. माले परिसरातली असो की कुठलीही, बाळंतीण ताईला एवढीच विनंती: आशाताई बाळाचं वजन करून उठायला लागल्या तर त्यांना थांबवा, आणि आपलाही ताप मोजून घ्या. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर असेल, किंवा स्रावाला वास येत असेल, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन लावा. ती गाडी मोफत आहे.